पावकीपासून औटकीपर्यंत

एखाद्या समाजात संख्याविद्या किती खोल मुरली आहे, हे त्याने मोठमोठ्या संख्यांस कोणती नावे दिली एवढ्यावरून कळत नाही. परार्धापर्यंतची नावे एखादा शास्त्रकार बसल्या जागी रचू शकतो. एकाहून लहान असलेल्या, किंवा दोन पूर्ण संख्यांच्या मध्ये पडणाऱ्या संख्यांस लोक काय म्हणतात, हे पाहिले म्हणजे खरी परीक्षा होते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही नावे कोणी सभा भरवून ठरविलेली नाहीत. धान्य मोजताना, वाटणी करताना, देणेघेणे फेडताना ती लोकांच्या तोंडी रुळली आणि पिढ्यानुपिढ्या वापरून गुळगुळीत झाली. मराठी मुलास या संख्यांची ओळख कोणी, कशी व कशासाठी करून दिली, आणि त्या शिक्षणाचे पुढे काय झाले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

अपूर्णांकांचे गणित सर्वच प्राचीन राष्ट्रांस जड गेले आहे. इजिप्तमधील आहमोस नावाच्या लेखकाने ख्रिस्तपूर्व १५५०च्या सुमारास नकलून ठेवलेली गणिताची गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. तिच्यावरून असे दिसते की, दोनतृतीयांशासारखा अपवाद सोडला, तर ते लोक ज्यांचा अंश एक आहे असेच भाग लिहीत. दोनपंचमांश लिहावयाचे झाल्यास एकतृतीयांश आणि एकपंधरांश अशी बेरीज मांडावी लागे. व या कामासाठी दोनास तीनपासून एकशे एकपर्यंतच्या प्रत्येक विषम संख्येने भागून आलेल्या उत्तरांचे एक लांबलचक कोष्टकच त्या गुंडाळीच्या आरंभी दिले आहे. रोमन लोकांनी निराळी युक्ती काढली. त्यांनी एकाचे बारा भाग केले, आणि त्या बारा भागांच्या निरनिराळ्या जुडग्यांस स्वतंत्र नावे दिली. होरेस कवीने आपल्या काव्यशास्त्रावरील पद्यात्मक पत्रात रोमन शाळेतील एक प्रसंग रंगविला आहे. पाच बारांशांतून एक बारांश काढला तर काय उरते, असे एका मुलास विचारतात, व तो मुलगा तत्काळ तृतीयांश असे सांगतो. उलट एक मिळविला तर, असे विचारताच अर्धा म्हणतो. पैशाच्या अशा हिशेबाचा गंज ज्या मनावर चढला त्यातून चांगले काव्य कसे निपजणार, असा त्या कवीचा आक्षेप आहे. तो खरा की खोटा हा प्रश्न निराळा. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तो रोमन मुलगा पाटीवर छेद समान करीत बसला नाही. पाच बारांश ही त्याच्या मनात एक संख्या होती, तिला नाव होते, आणि म्हणून तिची वजाबाकी त्याच्या ओठांवर होती.

मराठी मुलाची स्थिती याच जातीची होती. किंबहुना त्याची नावे अधिक जुनी व अधिक अर्थपूर्ण होती. पाव हा संस्कृत 'पाद' होय. चतुष्पाद पशूच्या एका पायावरून चौथा हिस्सा हा अर्थ त्यास आला. पाऊण म्हणजे 'पादोन', एकात पाव उणा. सव्वा म्हणजे 'सपाद', साडे म्हणजे 'सार्ध'. दीड, अडीच व औट या तीन शब्दांत तर मोजण्याची एक जुनी तऱ्हा दडून बसली आहे. अडीच हा 'अर्धतृतीय' या शब्दाचा अपभ्रंश. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा आहे, असा त्याचा अर्थ. दीड म्हणजे ज्यातील दुसरा अर्धा आहे ते, आणि औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा, अर्थात साडेतीन. ही तऱ्हा आपणा एकट्यांचीच नव्हे. जर्मन भाषेत दीड या अर्थी आजही रूढ असलेल्या शब्दाचा मूळ अर्थ 'दुसरा अर्धा' असाच आहे. औट हा शब्द बोलण्यातून आता गेला आहे. परंतु देहास औट हात म्हणण्याची संतांची चाल आणि साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे, ओंकाराच्या साडेतीन मात्रा ही सर्व मंडळी साक्षीस आहेत की, ही संख्या आपणांस परकी कधीच वाटली नाही. या कुळात एकच पाहुणा आहे, तो 'निम'. हा फारसी शब्द बहमनी व तदनंतरच्या दफ्तरांतून आला आणि निमकीच्या रूपाने पंतोजींच्या शाळेत कायमचा राहिला.

गावातील देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या तरी पडवीत पंतोजी शाळा भरवीत. धूळपाटीवर अक्षरे गिरवून झाली, अंक आले, पूर्णांकांचे पाढे तोंडपाठ झाले, की मुलगा अपूर्णांकांच्या पाढ्यांकडे वळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी असा त्यांचा क्रम. एकाची पाव पाव, दोनांची पाव अर्धा, तीनांची पाव पाऊण, चारांची पाव एक, असे सुरू होऊन ते पुढे वाढत जाई. सायंकाळी सर्व मुले ओळीने उभी राहून एका सुरात परवचा म्हणत. यात अंश नाही, छेद नाही, रेघेच्या वर काही नाही व खाली काही नाही. सात अडीच साडेसतरा, हे वाक्य सात पाचे पस्तीस याच्याच पंक्तीस बसे. दोहोंपैकी एक पूर्णांकाचे व दुसरे अपूर्णांकाचे आहे ही जाणीवही मुलास नसे.

या पाढ्यांत सातच संख्या का, असे कोणी विचारील. याचे उत्तर बाजारात आहे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराचे पाव चार, पायलीचे शेर चार. जिकडे पाहावे तिकडे चार व सोळा. अशा व्यवहारात अर्धा, पाव, अर्धपाव येथपर्यंत गेले की बहुतेक कामे उरकत. शेराचा आठवा हिस्सा म्हणजे नवटाक. बहात्तर टांकांचा शेर धरला म्हणजे त्याचे नऊ टांक, असा त्या नावाचा हिशेब आहे. मण मात्र चाळीस शेरांचा. तेथेच अडीचकीचे खरे काम पडे. चाळीस शेरांचा सोळावा हिस्सा अडीच शेर, आणि रुपयाचा सोळावा हिस्सा आणा. म्हणून मणास जितके रुपये, तितकेच अडीच शेरांस आणे. गूळ सात रुपये मण असेल, तर अडीच शेर सात आण्यांस, आणि दहा शेर सात पाव, म्हणजे पावणेदोन रुपयांस. वाण्याच्या दुकानावर बसणारे दहा वर्षांचे पोर हा हिशेब माप भरता भरता सांगे. त्यास पाटी-लेखणी लागत नसे.

लिहिण्याची पद्धतही याच मनोवृत्तीस साजेशी होती. पावास एक उभी रेघ, अर्ध्यास दोन, पाऊणास तीन. अडीच लिहावयाचे तर दोनाच्या आकड्यापुढे दोन उभ्या रेघा. पावाच्या आतील आणे आडव्या रेघांनी दाखवीत. सहा आणे म्हणजे एक उभी व दोन आडव्या रेघा. ज्यांच्या घरी जुन्या मराठी पुस्तकांचे गाठोडे आहे, त्यांस मुखपृष्ठावर 'किंमत १॥ रुपया' असे छापलेले सहज आढळेल. मोडी दफ्तरांतील वसुलाचे, शिबंदीचे व कोठीचे आकडे याच रेघांनी भरलेले आहेत.

ही झाली पंतोजींची परंपरा. तिच्या बाजूने दुसरी एक परंपरा शेकडो वर्षे वाहत होती, ती शास्त्र्यांची. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये, आणि राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्याने नवव्या शतकात, अपूर्णांकांच्या सर्व क्रियांचे नियम सांगितले आहेत. महावीराने तर छेद समान करताना सर्व छेदांचा लहानांत लहान साधारण विभाज्य घ्यावा, हीही रीत दिली आहे. परंतु महाराष्ट्रास या शास्त्राची ओळख पटली ती मुख्यतः भास्कराचार्यांच्या लीलावतीतून. हा ग्रंथ इ. स. ११५०च्या सुमाराचा. त्यात आचार्य प्रथम नाणी व मापे सांगतात, नंतर पूर्णांकांच्या आठ क्रिया व मग अपूर्णांकांच्या आठ क्रिया. अंश वर व छेद खाली लिहीत. मधली आडवी रेघ मात्र पुढे अरबी गणितज्ञांकडून जगात पसरली. तीन, एकपंचमांश व एकतृतीयांश यांचे छेद समान करून बेरीज सांग, आणि एकचतुर्दशांशातून एकत्रिषष्टांश वजा कर, असे प्रश्न आचार्य मित्राशी बोलावे तसे विचारतात. पहिल्याचे उत्तर त्रेपन्नपंधरांश, दुसऱ्याचे एकअठरांश. पावकी घोकलेल्या मुलास या दोहोंपैकी एकही प्रश्न सुटला नसता, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे.

लीलावतीतील आणखी एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका कृपणाने याचकास एक द्रम्माच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाच्या तीनचतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला. तर त्याने किती कवड्या दिल्या? द्रम्माचे पण सोळा, पणाच्या काकिणी चार, काकिणीच्या कवड्या वीस. म्हणजे द्रम्माच्या बाराशे ऐंशी कवड्या. सर्व अंशांचा व सर्व छेदांचा गुणाकार करून संक्षेप दिला असता बाराशे ऐंशीवा भाग येतो, आणि त्या दात्याने अवघी एक कवडी दिली असे निष्पन्न होते. विद्यार्थी एवढी उठाठेव करून शेवटी त्या एका कवडीपाशी येतो, तेव्हा त्यास हसू आल्याखेरीज राहत नाही. आणि भागाचा भाग म्हणजे गुणाकार, हा नियम त्या हसण्याबरोबर मनात ठसतो. शुष्क नियमास असा रस आणणारा शिक्षक विरळा.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख इ. स. १२०७च्या सुमाराचा असून तो डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, व त्यात पाटणच्या बाजारातील काही हक्क आणि घाण्यागणिक पळी पळी तेल मठास लावून दिल्याचा उल्लेख आहे. ज्या मठात छेदांचे शास्त्र शिकवावयाचे, त्याचा दिवा बाजारातील तेलाच्या हिश्श्यावर जळत होता. परंतु मठातील शास्त्र आणि घाण्यावरील हिशेब यांची गाठ मात्र क्वचितच पडली. शास्त्री लीलावती पढत ती बहुधा ज्योतिषासाठी; पंतोजी पावकी घोकवीत ती दुकानासाठी व दफ्तरासाठी. पहिल्यापाशी कोणत्याही छेदास लागू पडणारा नियम होता, पण तो संस्कृतात व थोड्यांच्या हाती. दुसऱ्यापाशी तोंडपाठ संख्या होत्या, पण त्या केवळ अर्ध्याच्या अर्ध्या अशाच. रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै असा कसाबसा सांगता येई; सातवा हिस्सा मागणाऱ्यास पंतोजींच्या पाढ्यांत उत्तर नव्हते.

आणि थोड्यांच्या हाती हे म्हणणे पंतोजींच्या शाळेसही लागू आहे. तेथे ब्राह्मणांची, प्रभूंची, व्यापाऱ्यांची व काही सुखवस्तू घरांतील मुले येत. कुणब्याचे पोर गुरांमागे असे. अस्पृश्य गणलेल्या जातींस ओवरीत प्रवेशच नव्हता. मुलींची गोष्ट बोलावयासच नको. हा केवळ विद्येपासून वंचित राहण्याचा प्रश्न नव्हता. याच लोकांच्या डोक्यावर अपूर्णांकांचे खरे ओझे होते. पेरणीच्या वेळी धान्य उसने न्यावे व सुगीस ते सवाईने किंवा दिढीने परत करावे, अशी गावोगाव वहिवाट होती. सवाई म्हणजे सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. चार मण धान्य दिढीने नेले व ते फिटले नाही, तर पहिल्या सुगीस सहा मण, दुसऱ्या सुगीस नऊ मण, तिसऱ्या सुगीस साडेतेरा मण, आणि चौथ्या सुगीस सव्वावीस मण. सावकाराच्या कारकुनास हे दिडकीच्या पाढ्यात चार श्वासांत सांगता येत होते. ज्याने अंगठा उठविला, त्यास चाराचे वीस कसे झाले हे अखेरपर्यंत उमगत नव्हते. एकाच गावात, एकाच भाषेत, दीड हा शब्द दोघांच्याही तोंडी होता. परंतु दिडावर पुन्हा दीड चढले म्हणजे काय होते, हे ज्ञान एकाच्याच पदरी होते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो दंगा उसळला व पुढे इतर गावी पसरला, त्यात लोकांचा रोख मुख्यत्वे खते, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यामागे जमीनमहसूल, कापसाचे उतरलेले भाव, न्यायालयांची रीत अशी अनेक कारणे होती, आणि केवळ गणिताच्या अज्ञानावर ते ढकलणे योग्य होणार नाही. तथापि जो कागद वाचता येत नाही व ज्यातील हिशेब पडताळता येत नाही, तो जाळण्यावाचून दुसरा उपाय माणसास सुचत नाही, हेही तितकेच खरे. पुढे १८७९ मध्ये जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्याने रोख्याच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यास मुलींची शाळा काढली व १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शूद्रादि अतिशूद्रांच्या दैन्याचे मूळ ते अविद्येत का पाहत होते, हे या सवाई-दिढीच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते.

इंग्रजी अमलात निघालेल्या शाळांनी या दोन्ही परंपरांची जागा हळूहळू घेतली. १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जर्व्हिस यांनी पाश्चात्त्य गणिताची पुस्तके मराठीत आणिली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानाने मराठी शाळांसाठी अंकगणित लिहिले. शतकाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांनी शिक्षक असताना रचिलेले इंग्रजी अंकगणित तर अनेक वर्षे शाळाशाळांतून चालले. या पुस्तकांनी एक मोठे काम केले. लीलावतीतील अंश व छेद हे शब्द शास्त्र्यांच्या कोठडीतून बाहेर काढून त्यांनी सरकारी शाळेच्या बाकावर आणिले, आणि कोणत्याही छेदास लागणारा नियम, निदान तत्त्वतः, सर्वांचा केला. अपूर्णांकांच्या एका जातीस त्यांनी दिलेले 'व्यवहारी' हे नावही मोठे समर्पक आहे.

परंतु यात एक हानी झाली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नव्या पुस्तकातला तीनचतुर्थांश म्हणजे एका रेघेच्या वर तीन व खाली चार. मुलास त्यात दोन संख्या दिसतात, एक दिसत नाही. म्हणूनच अर्धा व पाव यांची बेरीज करताना तो अंशात अंश व छेदात छेद मिळवितो, आणि दोनषष्ठांश असे उत्तर लिहून मोकळा होतो. दोनषष्ठांश म्हणजे एकतृतीयांश. अर्ध्यात काही मिळविल्यावर ते अर्ध्याहून कमी झाले, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्याच मुलास तोंडी विचारा की, बाळ, अर्धा शेर दूध आहे, त्यात पावशेर ओतले, तर किती झाले? तो तत्काळ पाऊण शेर म्हणेल. भागाकाराचेही तसेच. पावणेदोनास अर्ध्याने भागा म्हटले की छेद उलटा करून गुणण्याचा नियम आठवावा लागतो, व तो उलटा का करावयाचा हे सांगणारे थोडे. पावणेदोन शेर तूप अर्ध्या शेराच्या भांड्याने मोजले तर भांडे किती वेळा भरेल, असे विचारल्यास साडेतीन वेळा, हे घरातील कोणतीही गृहिणी सांगेल. शाळेने मुलास नियम दिला. पण ज्या संख्यांवर तो चालवावयाचा त्यांची ओळख घरी राहिली, आणि घरची ओळख व शाळेचा नियम एकाच वस्तूविषयी आहेत, हे त्यास सांगावयाचे राहून गेले.

पुढे घरच्या ओळखीचाही आधार सुटत गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पाव रुपयास पंचवीस पैसे हे नीट बसले. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होऊ लागले. १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली व शेर, मण, नवटाक मागे पडले. सोळांच्या जगासाठी घडविलेली पावकी-अडीचकी दहांच्या जगात पोरकी झाली. ही सुधारणा आवश्यक होती, याबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला, आणि सोपा हिशेब हा गरिबाचा मित्र असतो. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, तेव्हा 'चार आणे' या शब्दांचा उरलासुरला धातूही नाहीसा झाला.

तथापि नावे गेलेली नाहीत. भाजी आजही पाव किलोने मिळते, गाडी पावणेसहास सुटते, आणि दीड वर्षाच्या मुलास कोणी तीनद्वितीयांश वर्षाचे म्हणत नाही. म्हणून आमची सूचना अशी आहे की, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे खालच्या वर्गांत पुन्हा म्हणवून घ्यावेत. ते शंभरापर्यंत घोकण्याचे कारण नाही, दहापर्यंत पुरेत. दुकानातील हिशेब करण्यास आता त्यांची गरज उरलेली नाही. परंतु अपूर्णांक ही एक संख्या आहे, हे मुलाच्या जिभेस कळावे यासाठी त्यांची गरज आहे. मग रेघ काढावी, अंश-छेद लिहावे, व आचार्यांच्या त्या कृपणाची गोष्ट सांगून त्रयोदशांश असो वा त्रिषष्टांश, सर्वांस लागणारा नियम शिकवावा. पंतोजी आणि शास्त्री ही दोन माणसे आपल्या इतिहासात शेजारी राहून कधी एकमेकांच्या घरी गेली नाहीत. एका मराठी मुलाच्या पाटीवर त्यांची भेट करून देणे हे काम अवघड नाही, आणि ज्याच्या आजोबांनी कधी न समजलेल्या हिशेबाखाली अंगठा उठविला होता, त्या मुलाच्या पाटीवर ती भेट सर्वांआधी झाली पाहिजे.